रत्नागिरी-सिंधुदुर्गात समुद्रकिनारे सोडून जुने वाडे, संग्रहालयं कुठली बघावीत?

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पहिला बघा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून इकडे आणलं. हा वाडा त्याच्यासाठी बांधला, तो 1910 मध्ये राहायला आला आणि 1916 मध्ये वारलाही. म्हणजे पंचवीस वर्षं वाट पाहून जेमतेम सहा वर्षं. अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरचं लाकडी कोरीवकाम जवळ जाऊन बघा. नंतर थिबा पॉइंटवर जाऊन खाडीकडे बघत थोडा वेळ बसा, मला तिथे दर वेळी गलबलून येतं. राजवाड्यात संग्रहालय आहे, पण सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तो वार टाळा.

शहरातच टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे, अर्ध्या तासात होतं.

गणपतीपुळ्याला जाणारच असाल तर शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं घर चुकवू नका. कोकणातलं साधं कौलारू घर, जुन्या वस्तू जपलेल्या.

आणि सावंतवाडीचा राजवाडा! तिथे गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, अजून हातानं रंगवतात. दशावतारी गंजिफेत 120 गोल पत्ते असतात, प्रत्येक अवताराचे बारा. एवढ्याशा गोलात मत्स्य, कूर्म, वराह नीट ओळखू येतात. कारागीर कामात असतील तर शांतपणे उभं राहून नुसता कुंचला बघा. रत्नागिरीहून मात्र हे लांब आहे, त्यासाठी वेगळा दिवसच ठेवा.