सातपूरच्या कंपनीकडे जाण्याआधी

मॅडम, शाळेसाठी मदत मागायला नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपनीत गेल्यावर नुसतं 'स्मार्ट बोर्ड द्या' म्हणू नका. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, शिक्षण त्यात बसतं. पण पैशापेक्षा त्यांचा माणूस मागा, दर आठवड्याला वर्गात येणारा. आमच्याकडे एकदा २० टॅब आले, वर्गात प्लग दोनच! दुसऱ्या महिन्यात टॅब कपाटात. मुलं कुलपाकडे बघत बसायची, अजून जीव तुटतो.

एकाच वर्गापासून सुरुवात करा. सातवीचे अपूर्णांक घ्या, आधी आणि नंतर चाचणी. बोर्ड-टॅबची दुरुस्ती कोण करणार, ते लेखी घ्या. आणि मुलांची नावं शिकवण्याच्या अ‍ॅपमध्ये भरण्याआधी पालकांची संमती घ्याच.