मारा, मसाई आणि आपल्या मापाची सफारी: वाचकांचे प्रश्न

केनियाच्या सफारीबद्दल इतकी पत्रं आलीयेत की या वेळी फक्त तीच घेतो. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम दिली नाहीत. नव्या वाचकांसाठी: मसाई मारा (थोडक्यात मारा) हे केनियातलं वन्यप्राण्यांचं राखीव रान, आणि मसाई म्हणजे तिथला गुरं पाळणारा समाज.

प्रश्न: आम्ही पाच जण. सासूसासरे (68 आणि 72), आम्ही दोघं आणि 12 वर्षांचा मुलगा. ग्रुप टूरची धावपळ नको म्हणून आमच्यापुरती सफारी बनवून घेतोय. एजंटने सात रात्रींत नैरोबी, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मसाई मारा बसवलंय, शिवाय एक दुपार "मसाई व्हिलेज, 45 मिनिटं". दिवाळीच्या सुट्टीत जायचंय. प्लॅन कसा वाटतो? (नाशिक)

खरं सांगू का, ग्रुप टूरचाच प्लॅन तुम्हाला वेगळ्या गाडीत बसवून विकलाय. अंबोसेलीहून नैवाशा-नाकुरूकडे जायचं म्हणजे पाच-सहा तास गाडीत, तिथून मारा परत तेवढंच, आणि शेवटी नैरोबीला परतीचा रस्ता. सासूबाईंची कंबर काय म्हणेल ते त्यांनाच विचारा! आपल्या मापाची सफारी म्हणजे जास्त ठिकाणं नव्हे, उलट ठिकाणं कापायचा हक्क. मी असतो तर नाकुरू आणि नैवाशा दोन्ही उडवले असते. नैरोबी एक रात्र, अंबोसेली दोन, मारा चार, बास. अंबोसेलीत दोन रात्री यासाठी की किलिमांजारो बहुतेक पहाटेच स्वच्छ दिसतो (डोंगर टांझानियात आहे, दिसतो मात्र इकडून झकास), नंतर ढगात जातो, आणि एकच सकाळ हातात असली तर ती गेली की गेली.

अंबोसेलीहून मारा छोट्या विमानाने गाठा, बहुतेक वेळा नैरोबीच्या विल्सन विमानतळावर विमान बदलावं लागतं. पैसे जातात पण अख्खा दिवस वाचतो. फक्त सामान माणशी 15 किलो आणि तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सुटकेस चालत नाही, हे मुंबईतच सगळ्यांना बजावून ठेवा.

दिवाळीबद्दल. लाखो वाइल्डबीस्टचे (गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप माऱ्यात साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात, नोव्हेंबरात बरेचसे दक्षिणेला टांझानियातल्या सेरेंगेटीकडे निघालेले असतात आणि छोटा पाऊसही सुरू होतो. म्हणून जाऊच नये असं अजिबात नाही! सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ कुठे जात नाहीत, ते बारमाही तिथलेच. नदी ओलांडणाऱ्या कळपांचा व्हिडिओ डोक्यात ठेवून जाऊ नका एवढंच. तसंही त्या नदीकाठी गाड्यांची जी गर्दी होते ती पाहून माझं मन उडालंय, जनावरांनी उतरायची वाट गाड्यांनीच अडवलेली असते कधीकधी.

आता पैसे. मसाई मारा रिझर्व्हची फी 2024 पासून परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे, म्हणजे दिवाळीत 200 वालीच. म्हणून चारही रात्री रिझर्व्हला लागून असलेल्या एखाद्या कंझर्व्हन्सीत (मसाई कुटुंबांच्या स्वतःच्या जमिनींवरचं राखीव रान) राहा आणि रिझर्व्हमध्ये एकच दिवस डबा घेऊन पूर्ण दिवस जा. कंझर्व्हन्सीची फी वेगळी असते, कॅम्पच्या दरात धरलीय का ते लेखी विचारा. फायदा असा की तिथे तिथल्या कॅम्पांचेच पाहुणे येतात त्यामुळे गाड्या मोजक्या, रात्रीची सफारी करता येते, बंदुकधारी गाइडसोबत पायी फिरता येतं (मुलांसाठी वयाची अट असते, 12 ला चालतं का ते आधी विचारा), आणि सिंह दिसला तर रस्ता सोडून जवळ जाता येतं, जे रिझर्व्हमध्ये चालत नाही.

गाडी मिनीव्हॅन नको, छत उघडणारी लँड क्रूझर आणि प्रत्येकाला खिडकी. आणि एजंटला हॉटेलचे स्टार विचारण्यापेक्षा गाइडचा बॅज विचारा. केनियात सफारी गाइडांची परीक्षा घेणारी संघटना आहे, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे असतात. चांगला गाइड मिळाला तर साध्या तंबूतली ट्रिपही सोनं होते, वाईट मिळाला तर पंचतारांकित लॉजमध्ये बसून जांभया द्या.

एक अगदी महत्त्वाचं. केनियाहून परतताना यलो फीव्हरच्या लसीचा दाखला नसेल तर आपल्याकडे विमानतळावरच क्वारंटाइन करू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावर, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी. पण साठीच्या पुढे पहिल्यांदा ही लस घेताना जोखीम वाढते, त्यामुळे सासूसासऱ्यांचं आधी डॉक्टरांशी बोला, मग तिकिटं काढा, उलटं नको. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या. आणि स्वेटर! विषुववृत्त म्हणून लोक नुसते टी-शर्ट नेतात, मारा दीड हजार मीटरवर आहे, पहाटे साडेसहाला उघड्या गाडीत दात वाजतात.

त्या 45 मिनिटांचं पुढच्या उत्तरात.

प्रश्न: मसाई गावात नेऊन नाच दाखवतात ते सगळं नाटक असतं असं वाचलं. मग जावं की नाही? त्यांच्या गरिबीचे फोटो काढायला गेल्यासारखं वाटतं. (पुणे, कॉलेज विद्यार्थिनी)

नाटक म्हणू नका, कार्यक्रम म्हणा. उंच उड्यांचा तो नाच त्यांचाच आहे, तरुणांच्या समारंभांत होतो, फक्त तुमच्यासाठी मंगळवारी दुपारी तीन वाजता होतोय एवढाच फरक. आपल्याकडे हॉटेलात पाहुण्यांसमोर लावणी होते तेव्हा ती खोटी असते का? पैसे घेऊन कला दाखवण्यात गैर काही नाही, गैर असतं ते पैसे कुठे जातात त्यात. रिझर्व्हच्या गेटाजवळच्या काही गावांत माणशी ठरलेली रक्कम घेतात आणि तिचा मोठा वाटा गाडी आणणारा ड्रायव्हरच ठेवतो, ही जुनी तक्रार आहे. म्हणून विचारायचं: रक्कम कोण ठरवतं, कोणाच्या हातात जाते, बायकांना त्यातलं काय मिळतं? उत्तर देताना एजंट चाचरला तर समजून जा.

त्यापेक्षा कॅम्पमधल्या मसाई गाइडला सांगा, बहुतेक जण आसपासच्याच गावांतले असतात. त्यांच्या ओळखीच्या घरी दोन तास निवांत जाता आलं तर बघा. काटेरी फांद्यांचं गोल कुंपण, रात्री गुरं मधोमध, भोवती बुटकी घरं. ही घरं बायका स्वतः बांधतात, काठ्यांचा सांगाडा आणि वर शेणमातीचा लेप, दारातून वाकून आत शिरलं की आधी फक्त धूर जाणवतो, मग हळूहळू चूल दिसते, मग तिच्या बाजूला झोपायची जागा. आपल्यातल्या ज्यांच्या आज्जीचं घर सारवलेलं होतं त्यांना तो वास परका वाटणार नाही. आणि तिथे तुम्हालाही प्रश्न विचारतात बरं का, तुमच्याकडे गायी किती, हा पहिला. पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो म्हटल्यावर जी दया दाखवतात ती अनुभवण्यासारखी असते.

फोटो त्या त्या माणसाला विचारून, नको म्हटलं तर मोबाइल खिशात. मुलांना चॉकलेटं-पेनं वाटू नका, त्याने पोरं शाळा सोडून गाड्यांमागे धावायला लागतात. चालू वर्गात शाळा बघायला जाणं आणि अनाथाश्रम दाखवा म्हणणं तर सपशेल टाळा, आपल्या पोरांच्या वर्गात दर आठवड्याला परदेशी लोक कॅमेरे घेऊन घुसले तर चालेल का आपल्याला? मण्यांचे दागिने घ्यायचे तर जी बाई ते ओवतेय तिच्याकडूनच, थोडी घासाघीस चालते, पण भाजीबाजारातली नको.

प्रश्न: आम्ही जैन. कांदा, लसूण, बटाटा काहीच नाही. उपाशी राहू का? (कोल्हापूर)

नाही हो. केनियात चपाती घरोघरी खातात, नैरोबीत गुजराती वस्ती जुनी आहे आणि जैन जेवण म्हणजे काय हे तिथल्या बऱ्याच आचाऱ्यांना कळतं. पण माऱ्यातल्या तंबूच्या कॅम्पवर भाजी नैरोबीहून येते, तेव्हा काय चालत नाही याची यादी बुकिंगच्या वेळीच लिहून पाठवा आणि पोचायच्या दोन दिवस आधी परत आठवण करा. "व्हेज" एवढंच लिहू नका, कांद्याचं सूप समोर येईल. खाकरे न्याच, पण प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेत बांधून नाही, 2017 पासून केनियात त्यावर कडक बंदी आहे.

प्रश्न: तुमच्यासारख्यांचं ऐकून जास्त पैसे मोजून कंझर्व्हन्सीत राहिलो. दुसऱ्या दिवशी झेब्र्यांच्या पलीकडे चक्क गायींचा कळप आणि गुराखी! जंगल म्हणून विकलं आणि गायरान दाखवलं. फसवणूक नाही का ही? (ठाणे)

नाही. चिडणं समजू शकतो, पण ती जमीन कोणाची ते बघा. माऱ्याच्या कंझर्व्हन्सी सरकारी जंगल नाहीत, मसाई कुटुंबांच्या नावावरच्या जमिनी आहेत. उदाहरणार्थ नाबोइशो, 2010 मध्ये सुरू झाली, सुमारे 50 हजार एकर, पाचशेच्या वर मालक. त्यांनी आपापले तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने दिले, कुंपण घालायचं नाही आणि मधे घर बांधायचं नाही या बोलीवर, आणि दरमहा भाडं घरी येतं. बदल्यात गुरं ठरलेल्या भागात आळीपाळीने चारतात, ती तुम्ही पाहिली. गायींना तिथे पूर्ण बंदी केली तर राग साठतो, मग सिंहाने कुणाची एखादी गाय खाल्ली की माणसं सिंहांवर विषप्रयोग करायला उतरतात, ते तिथे होऊन गेलंय. तुमचे जास्तीचे पैसे त्या गुराख्याच्या घरच्या भाड्यातच गेले असणार.

सगळं आलबेल आहे असंही नाही. 2020 मध्ये पर्यटक थांबले आणि भाडी कापली गेली, एकाच धंद्यावर टेकलेल्या घरांचे हाल झाले. जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर, म्हणून भाडंही त्यांच्याच हातात. आणि सीमेपलीकडे टांझानियात न्गोरोंगोरो या संरक्षित भागातल्या मसाईंना 2022 पासून दूर हांडेनी जिल्ह्यात हलवायला सुरुवात झाली, स्वेच्छेने असं सरकार म्हणतं, बरेच मसाई ते मानत नाहीत. तिकडची सफारी आखणाऱ्यांनी निदान हे वाचून जावं. तुमच्या एजंटला मात्र एक विचारा, गायी दिसतील हे त्याने आधी का नाही सांगितलं? ती तक्रार रास्त आहे, ती कराच.