मधल्या वर्षांबद्दल पत्रात किती लिहायचं?

“सहा वर्षं घरी होते असं लिहिलं तर बोलावणार नाहीत. नाही लिहिलं तर बायोडेटा बघून विचारतीलच. मग करू तरी काय, मॅडम?”

नोकरीत परतू पाहणाऱ्या बायकांचा हा ठरलेला प्रश्न. वैशालीताईंनीही (नाव बदललं आहे) तोच विचारला. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) झालेल्या, नाशिकच्या एका लॅबमध्ये काम केलेल्या. मग मुलगा झाला, पाठोपाठ सासूबाईंचं आजारपण आलं.

त्यांनी लिहिलेला अर्ज दोन पानी होता. सुरुवात शाळेत शिकवतात तशी, ‘वरील विषयास अनुसरून’. पहिलं अख्खं पान घरच्या अडचणींचं. शेवटी ‘नोकरीची नितांत गरज आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’. कामाबद्दल? ‘अनुभव आहे’ एवढंच.

मी अर्ज बाजूला ठेवला आणि लॅबमध्ये दिवस कसा जायचा ते विचारलं. आधी अडखळल्या, मग थांबेचनात. लहान मुलांचं रक्त काढायला सगळे त्यांनाच पुढे करायचे. घाईत ओढून काढलं तर रक्तपेशी फुटतात, पोटॅशियम खोटंच जास्त येतं आणि पोराला पुन्हा टोचावं लागतं. निळ्या झाकणाची ट्यूब जांभळीच्या आधी घ्यायची, तीही खुणेपर्यंत भरून, नाहीतर पीटीचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा, रिपोर्ट चुकतो. हे सांगताना त्यांचा आवाजच बदलला होता.

“हे अर्जात का नाही?”
“यात काय सांगायचं? हे तर सगळ्यांनाच येतं.”

येत असेलही. पण सकाळी उपाशीपोटी आलेल्या पेशंटची रांग लागलेली असताना लॅब चालवणाऱ्या डॉक्टरांना नेमकं हेच येणारं माणूस हवं असतं. आपल्या गरजेने त्यांना वाईट वाटेल, पण त्यावर कोणी नेमणूक करत नाही.

नवं पत्र एका पानात बसलं. वर ‘मा. व्यवस्थापक’ऐवजी लॅबच्या पाटीवरचं डॉक्टरांचं नाव. पहिल्या परिच्छेदात लहान मुलं, वयस्कर पेशंट, कोणत्या तपासण्या स्वतः केल्या ते. मधल्या वर्षांना दोनच वाक्यं: ‘मुलाचं संगोपन आणि घरातलं आजारपण यांमुळे सहा वर्षं नोकरी केली नाही. आता सकाळच्या पाळीसाठी पूर्ण वेळ उपलब्ध आहे.’ ना माफी, ना लपवाछपवी. तारखा खेचून गॅप झाकणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. जुन्या ठिकाणी एक फोन केला की ते उघडं पडतं.

पत्र पाठवण्याआधी मात्र मी त्यांना ओळखीच्या लॅबमध्ये काही दिवस सकाळी जायला सांगितलं. पत्र कितीही नेटकं असो, हात बसलेला नसेल तर पहिल्याच पेशंटला कळतं. शिवाय त्यामुळे ‘सध्या सराव चालू आहे’ हे वाक्य खरेपणाने लिहिता आलं. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर पीडीएफ आणि सोबत दोन ओळी, एवढं पुरतं; अख्खं पत्र तिथे चिकटवू नये.

एका ठिकाणाहून बोलावणं आलं. गॅपबद्दल विचारलंच, पण पत्रात होतं तेवढंच उत्तर देऊन विषय संपला. लगेच पुढचं वाक्य, “उद्या सातला या, चार पेशंट घेऊन दाखवा.” पगार अपेक्षेपेक्षा कमी सांगितलाय. हो म्हणायचं का, यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.