आप्पांचा विसर आणि ते नवं इंजेक्शन

प्रश्न : डॉक्टर, आमचे सासरे आप्पा ७४ वर्षांचे, यावलजवळ केळीची बाग आहे, आयुष्यभर नुसतं बघून घडाचं वजन सांगायचे आणि आता वर्षभरापासून मोटर चालू केलेलीच विसरतात, परवा तर नातवाला माझ्या मिस्टरांच्या नावाने हाक मारत होते. अल्झायमरचं इंजेक्शन निघालंय, माणूस बरा होतो म्हणे, खरं का?

उत्तर : ताई, बरा होतो हे खरं नाही. लेकानेमॅब नावाचं औषध आहे, १,७९५ पेशंटवर १८ महिने ट्रायल झाली, २०२२ ला निकाल आला, आजार थांबला नाही पण बिघडण्याचा वेग साधारण २७ टक्के कमी झाला. मेंदूत साचलेलं अमायलॉइड प्रोटीन ते काढतं, गेलेली आठवण परत आणत नाही, आणि तेही फक्त अगदी सुरुवातीच्या पेशंटसाठी. काहींच्या मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतो, म्हणून मधे मधे एमआरआय करावा लागतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर धोका अजून वाढतो.

पण मला काळजी वेगळीच वाटते, आप्पांना अल्झायमरच आहे हे अजून ठरलंय कुठे? बी-१२ कमी, थायरॉइड, डिप्रेशन, यांनीही विसर पडतो आणि त्यावर साधा इलाज असतो. आधी रक्त तपासा, मग न्यूरोलॉजिस्टला दाखवा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, झोपेच्या गोळ्यासुद्धा.