मीठ लावल्यावर काकडीला पाणी का सुटतं?

प्रश्न: बाजारातून आणलेली कोथिंबीर दुपारपर्यंत पार मलूल होते, देठं पाण्यात बुडवून ठेवली की थोड्या वेळात परत टवटवीत. मग काकडीला मीठ लावलं की उलट पाणी का सुटतं? आणि शिजलेला पालक कितीही गार पाण्यात टाका तो लिबलिबीतच, हे कसं?

उत्तर: तिन्हीकडे भानगड एकच आहे, पेशीतल्या पाण्याचा दाब. कोथिंबिरीच्या कोवळ्या देठात लाकूड असं नसतंच जवळजवळ, ती ताठ राहते ती मुख्यतः पाण्याच्या जोरावर. प्रत्येक पेशीत पाण्याची एक मोठी पिशवी असते, शाळेत रिक्तिका म्हणून शिकवतात ती, वाढ झालेल्या पेशीतली ८०-९० टक्के जागासुद्धा ती एकटी अडवून बसते. त्या पाण्यात साखर, क्षार वगैरे विरघळलेले, त्यामुळे बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, पिशवी फुगते आणि पेशीच्या भिंतीला आतून रेटते. भिंत सेल्युलोजची, चिवट, जरा ताणते पण फाटत नाही, टायर ट्यूबला आवरून धरतो ना तसं. (आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना ही भिंतच नाही, म्हणून नुसत्या पाण्यात टाकल्या की फुगून फुटतात.) आणि हा दाब किती, तर बऱ्याच झाडांत हवेच्या दाबाच्या ५ ते १० पट! कारच्या टायरमधे आपण २-सव्वादोन पट भरतो फक्त.

जुडीतलं पाणी उडून गेलं की दाब उतरतो आणि कोथिंबीर मान टाकते, पण पेशी जिवंतच असतात, पाणी मिळालं की परत भरतात. देठांची टोकं कापून ठेवा, पाणी लवकर चढतं. अगदीच कोमेजली असेल तर मात्र चटणीच करा.

मिठाचं गणित उलटं. काकडीच्या फोडीभोवती बाहेरच इतकं खारट झालं की पाणी पेशीतून बाहेर ओढलं जातं, म्हणून मीठ आयत्या वेळी घालावं हे आजीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. शेतात खताचा डोस जादा झाला की ओल असूनही रोपं सुकतात त्यातही हेच होतं, मुळांना पाणी ओढताच येत नाही.

पालकाची गोष्ट वेगळी, तिथे उष्णतेने पेशीचं आतलं पातळ पटलच खराब होतं. पाणी धरून ठेवणारंच कोणी उरलं नाही तर दाब कुठून येणार, मग बर्फ घाला नाहीतर काही घाला.

जाता जाता, कुंडीतलं वांगं भर दुपारी मान टाकतं तेव्हा लगेच तांब्या घेऊन धावू नका. आधी मातीत बोट घालून बघा, ओली असेल तर थांबा, पानांतून पाणी जातंय त्या वेगाने मुळं ते पुरवू शकत नाहीयेत एवढंच, ऊन उतरलं की ताठ होतं. सकाळीसुद्धा मलूल दिसलं तर मात्र मुळं कुजली असतील, ती बघा.