वाचकांचे प्रश्न: 200 मीटरचं घड्याळ तलावात का भिजलं?

प्रश्न: माझ्या घड्याळावर ‘200 मीटर’ लिहिलंय. दोन मीटर खोल तलावात पोहून आलो, तर काचेला आतून बाष्प धरलं. आकडा खोटा समजायचा का?

उत्तर: आकड्यावर संशय नंतर घ्या, आधी चावी आणि रबर बघा. खोलवर गेलं की पाणीच काच आणि मागचं झाकण आत रेटतं, त्यामुळे त्यांखालचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी रबरी कडी, आणखी घट्ट बसतं. उथळ पाण्यात ही मदत मिळत नाही. सगळी भिस्त रबराच्या लवचिकपणावर. रबर चपटं आणि कडक झालं असेल, तर ते आधी तिथेच उघडं पडतं.

आट्याची चावी बसवताना ती आधी हलकेच उलटी फिरवा. आटा जागेवर पडल्याचं बोटाला कळतं. मग किंचित दाबून सुलटी फिरवा. आटे तिरके धरले तर चावी घट्ट लागल्यासारखी वाटते, पण आत फट राहते. पान्याने आवळू नका, आटे झिजतात.

सेल बदलताना झाकण उघडलं होतं का? मग गॅस्केट नवं हवं, खाच साफ हवी आणि सिलिकॉन ग्रीस नुसतं चकाकेल इतकंच. कापडाचा एक धागा गॅस्केटवर आडवा राहिला तरी पाण्याला वाट मिळते. आता मात्र घड्याळ त्याच दिवशी उघडून वाळवून घ्या. पाणी खारं असतं तर गंजाने एवढी सवडही दिली नसती.

आयएसओ 6425 या मानकानुसार पाणबुड्यांचं प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीपेक्षा 25 टक्के जास्त दाबाखाली तपासतात. मात्र ती चाचणी नव्या गॅस्केटची असते.

प्रश्न: जास्त खोलीसाठी काच किती जाड लागते?

उत्तर: 300 मीटरवर 30 मिलिमीटर व्यासाच्या काचेवर सुमारे 210 किलो भार येतो. काचेतला ताण दाबाच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणून व्यास तोच ठेवून खोली चौपट करायची तर जाडी दुप्पट पुरते. रोलेक्सच्या 2008 सालच्या 3,900 मीटरच्या ‘डीपसी’ची काच 5.5 मिलिमीटर जाड आहे. तिचा भार आतलं नायट्रोजनयुक्त पोलादाचं कडं पेलतं, आणि मागचं टायटॅनियमचं झाकण थोडं लवतं. नुसती केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची पेटी, जाड करत गेलं असतं, तर ते घड्याळ मनगटावर बांधण्याजोगं राहिलं नसतं.

प्रश्न: हेलियम व्हॉल्व्ह (आत शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणारी झडप) हवाच का?

उत्तर: सिलिंडर पाठीला लावून बुडी मारणाऱ्याला नको. दाबाखालच्या कक्षात दिवसचे दिवस हेलियममिश्रित हवेत राहणाऱ्यांसाठी तो असतो. हेलियम गॅस्केटमधून आत झिरपतो; कक्षाचा दाब उतरवताना तो तितक्या वेगाने बाहेर पडत नाही आणि काच आतून ढकलली जाते. सेको कंपनीने 1975 साली दुसरा मार्ग धरला: एकसंध टायटॅनियम केस आणि ‘एल’ आकाराचं गॅस्केट, म्हणजे हेलियम मुळात आतच शिरू नये. त्या 600 मीटरच्या घड्याळाला व्हॉल्व्ह नाही.