नागपुरात राहतो, निसर्गाचे फोटो काढायची हौस आहे. कॅमेरा कोणता घेऊ? आणि जंगल सफारीचा खर्च झेपत नसेल तर काय करू?

तुम्ही लिहिलंय की हातात फक्त रविवार असतो, आणि ताडोबाच्या सफारीचा हिशेब मांडल्यावर हौस जागीच बसली. मी तो हिशेब न मांडता सरळ गेलो होतो. मित्राची लेन्स मागून नेली. वाघीण रस्त्यावर आली, जिप्सीत एकच धांदल उडाली, मी बोट दाबलं ते उचललंच नाही. घरी येऊन बघतो तर तीनशेच्या वर फोटो आणि धड एकही नाही. पहाटेचा अंधूक उजेड, खाली इंजिनाची थरथर, ३०० मिलिमीटरची लेन्स आणि शटर १/६०, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग उघडं, अशा वेळी फारच मंद. वाघिणीच्या जागी केशरी फराटा! एका फोटोत पुढच्या जिप्सीतल्या काकांची टोपी मात्र शिवणीसकट स्पष्ट आली होती.

म्हणून सांगतो, वाघ सध्या राहू द्या. घरापासून अर्ध्या तासावरची एकच जागा धरा आणि वर्षभर तिथेच जात राहा.

मी अंबाझरी धरली. तिथली पाळ तलावाच्या पूर्वेला आहे, म्हणजे सकाळी पाळीवर उभं राहिलं की ऊन आपल्या पाठीकडून येतं आणि समोरच्या पक्ष्यावर पडतं. ही सोय फुकटची आहे. पहिले काही रविवार टिबुकल्या, पाणकावळे आणि काठाला ध्यान लावून बसलेली ढोकरी एवढंच पदरात पडलं. कंटाळाही आला. मग कवड्या खंड्या दिसला आणि मी तिथला झालो.

हा काळा-पांढरा खंड्या पाण्यावर हवेत एका जागी थांबतो. पंखांची फडफड चालू, चोच थेट खाली, डोकं मात्र जराही हलत नाही. नवशिक्याला याहून चांगला पक्षी मिळणार नाही, कारण उडता असूनही तो फोकस लावायला चार-पाच सेकंद देतो. शटर १/२००० ठेवा, फोकसचा ठिपका डोळ्यावर. चौथ्या की पाचव्या रविवारी माझ्या लक्षात आलं की सूर मारण्याआधी तो कधीकधी थोडा खाली सरकतो, पुन्हा थांबतो, मग पडतो. हे कळल्यावर बोट आपोआप वेळेवर जायला लागलं. फिरायला येणारे एक आजोबा दर वेळी विचारायचे, ‘काय फोटो काढून राहिले जी? मगर हाय का पाण्यात?’ एकदा त्यांना स्क्रीनवर खंड्या दाखवला. तेव्हापासून तेच मला लांबून हाक मारतात, ‘अजी, तुमचा आला!’

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक उगाच महिने घालवतात. नवा घेऊच नका. जुना, चालू स्थितीतला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, आणि ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची लेन्स पुरते. लेन्स बदलायची कटकट नको असेल तर लांब झूमचा ब्रिज कॅमेरा घ्या. जुना घेताना लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशी आहे का तेवढं बघा. पावसाळ्यात बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला ती हटकून धरते.

आणि कॅमेरा येईपर्यंत थांबायचं तरी कशाला? आमच्या बाल्कनीत कुंडीत लिंबाचं रोप आहे. एकदा आई म्हणाली, ‘अरे, कावळ्यानं पानावर घाण केली, फडकं मार.’ फडकं घेऊन गेलो तर ती घाण हळूच पुढे सरकली! लिंबाळी फुलपाखराची अळी होती ती. लहानपणी या अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटीसारख्या दिसतात, तपकिरी-पांढऱ्या, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. शेवटची कात टाकली की एकदम पोपटी होतात. मी रोज ऑफिसला जाण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढायचो. मग तिनं काडीला कोष केला, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून, टेलिफोनच्या खांबावर चढलेला लाइनमन पट्ट्याला टेकून मागे रेलतो ना, अगदी तशी. आठेक दिवसांनी कोष काळपट झाला, आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसायला लागली. पहाटेपासून खुर्ची टाकून बसलो. सातला चहा आणायला आत गेलो, बाहेर येईतो फुलपाखरू ओले पंख लोंबकळत बसलेलं. आई म्हणे, चहा मीच आणून दिला असता. संत्र्यांच्या या शहरात लिंबू-संत्र्याचं रोप कुणाकडेही सापडेल, तुम्हीही बघा.

बाकी आपल्या हवेचं गणित वेगळं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा मैना, कोतवाल, सूर्यपक्षी एकाच झाडावर भांडत असतात. तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा फोटोत घेतो तो उजेड, थोडं कमी ठेवा, नाहीतर उन्हात त्या फुलांचा नुसता केशरी डाग येतो, पाकळी दिसत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे गेला की सकाळी आठनंतर लांबचा फोटो काढूच नका. जमिनीवरून झळा उठतात आणि लाखाची लेन्स लावली तरी चित्र पाण्यातून काढल्यासारखं येतं. त्या दिवसांत गच्चीवर सावलीत मातीचं पसरट भांडं पाण्यानं भरून ठेवा आणि खिडकीच्या आतून काढा. बुलबुल आणि सातभाई स्वतःहून येतात, सातभाई तर अख्खं खटलं घेऊन.

एका बाबतीत मात्र मी भांडतो. घरट्याचे फोटो नको आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं नको. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे नवरंग येतो, विणीसाठी. हद्द राखायची घाई असते त्याला. आपण आवाज वाजवला की दुसरा नर आला समजून तो सगळी कामं टाकून फांद्याफांद्यांवर शोधत हिंडतो. फोटो मिळतो, पण फसवून मिळवलेला.

तर येत्या रविवारी साडेसहाला निघा. थंडीत पाळीवर बोटं आखडतात, हातमोजे घ्या. आणि परतताना तर्री-पोहे खाल्लेत तर हात साबणानं धुतल्याशिवाय लेन्सला बोट लावू नका. माझ्या लेन्सच्या कडेला तर्रीचा एक तेलकट डाग आहे, दोन वर्षं झाली, अजून पुरता निघालेला नाही.